झेंड्याचा घास

आमच्या गावच्या पहिल्या झेंड्याला रझाकाराची गोळी लागली होती, हे कुरुंद्यापासून वसमतपर्यंत कुणालाही विचारा, तो छाती पुढे काढून सांगेल. ती गोळी मी झाडलेली आहे. सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, सतरा सप्टेंबर, आमची शाळा, सकाळचे साडेआठ. मी सव्वीस वर्षांचा नवा मास्तर होतो आणि मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात चांगलाच रंगलो होतो. टेबलावर तो जुना झेंडा अंथरलेला होता. त्याच्या खालच्या कोपऱ्याला लिंबाएवढं भोक दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की मुलांनो, हे भोक साधं नाही, जुलमाच्या गोळीचं आहे. टाळ्या अशा पडल्या की मलाही ते खरं वाटायला लागलं.

मग काय, दरवर्षी गोळीला पालवी फुटत गेली. आधी नुसती गोळी होती. पुढच्या वर्षी ती झाडणारा घोडेस्वार आला. मग चावडीवर चढून झेंडा लावणाऱ्या पुंजाजींच्या कानाला ती चाटून गेली. पुंजाजी हे गावचा कारभार पाहणाऱ्या आमच्या किसनरावांचे आजोबा, त्यामुळे त्या घरातून माझ्या भाषणाला दाद फार. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या सत्कारातही कुणीतरी ती गोळी सांगितली, आणि मी मान खाली घालून विनयाने हसलो. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

हे कबूल करायला मला पस्तीस वर्षं लागली. तेही माझ्या हिमतीने नाही, साधनाबाईंमुळे.

साधनाबाई आमच्या गावात वाकळी शिवतात. शहरात त्याला गोधडी म्हणतात आणि भिंतीवर टांगतात. माहेर सेनगावकडचं, गोरेगावजवळचं. एक्याऐंशी साली लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना शिवणातलं ओ की ठो येत नव्हतं. शिकवलं ते सासूने, पार्वतीबाईंनी. साधनाबाई सासूला आत्या म्हणत. दोघी उन्हाळाभर हळद शिजवायच्या, वाळवायच्या, आणि मग हळदीने पिवळ्या झालेल्या बोटांनी जुनी लुगडी जोडत बसायच्या. नवरा, रामजी, मुलखाचा गरीब माणूस. तो गेल्यावर तर या दोघीच एकमेकींना धरून राहिल्या.

बाई तोंडाने फटकळ. एसटीचा कंडक्टर फाट्यावर गाडी थांबवत नाही म्हणून एकदा डोक्यावरचं गाठोडं रस्त्याच्या मधोमध ठेवून त्यावर बसल्या होत्या. गाडी थांबली. दुसऱ्या दिवसापासून रोज थांबायला लागली. आजही त्या थांब्याला कुणी पाटी लावलेली नाही, पण ड्रायव्हरला तो ठाऊक आहे.

त्यांच्या कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आमच्याकडे वाकळ शिवताना तीन कोपरे मिटले की चौथा मिटण्याआधी त्यात भाकरीचा किंवा पोळीचा लहानसा तुकडा घालतात. वाकळेला घास भरवायचा. ती उपाशी राहिली तर अंगावर घेणाऱ्याला ऊब कशी देणार, असं बायका म्हणतात. चार वर्षांखाली वसमतचा एक दुकानदार साधनाबाईंकडे आला. पुण्याला पाठवायला वीस वाकळी हव्या होत्या. अट एकच, आत भाकरी नको, मुंग्या लागतात, गिऱ्हाईक तक्रार करतं. बाईंनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला. घरात कामाची गरज नव्हती असं नाही. उपाशी वाकळ माझ्या हातून निघणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि तो झेंडा याच घरात, पत्र्याच्या पेटीत असतो. कारण तो पार्वतीबाईंनी शिवलेला आहे.

त्याची हकीकत साधनाबाई सांगतात ती अशी. अठ्ठेचाळीस सालचा पावसाळा. निजामाच्या राज्यात तिरंगा घरात सापडला तर घर जाळतील, अशी धास्ती. पार्वतीबाईंच्या नवऱ्याने सरहद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावणीतून एका कागदावर झेंड्याचं चित्र काढून आणलं, फेट्याच्या घडीत लपवून. पार्वतीबाई अठरा वर्षांच्या. त्यांनी आयुष्यात झेंडा कधी पाहिलाच नव्हता. केशरी कापड नवऱ्याच्या लग्नातल्या फेट्याचं घेतलं, पांढरं धोतराचं, हिरवं स्वतःच्या लुगड्याचं. चक्रासाठी वाटी पालथी घालून कोळशाने गोल काढला. आऱ्या चोवीस हव्या होत्या, त्यांच्या एकवीसच बसल्या. वर एक अर्धी वाकळ पसरलेली असायची. कुणी आलं की ती पुढे ओढायची आणि टाके चालू ठेवायचे. पोलीस ॲक्शन होऊन निजाम शरण आल्याची बातमी गावात पोचली तेव्हा झेंडा तयार होता. पुंजाजी तो घेऊन चावडीवर चढले. तोवर गावातले रझाकार केव्हाच पळून गेले होते. गोळी झाडायला माणूसच शिल्लक नव्हता.

मग भोक कसलं? पार्वतीबाईंना वाकळ सोडून दुसरं काही शिवता येत नव्हतं. झेंडाही त्यांनी वाकळेसारखाच शिवला. तीन कोपरे मिटले, आणि चौथ्यात घास घातला. पुढे तो झेंडा पेटीत जाण्याआधी काही वर्षं कणगीमागच्या टोपलीत होता. उंदराला वास लागला. त्याने घास खाल्ला आणि घासाबरोबर कोपराही.

अठ्ठ्याऐंशीच्या माझ्या त्या भाषणाला पार्वतीबाई स्वतः हजर होत्या. दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन शाळेत आल्या, व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मास्तर, गोळी कव्हा लागली? मला तं ठाऊक न्हाई." मग उंदराची गोष्ट सांगितली. मी हसलो. म्हणालो, बाई, लेकरांना गोळीच आवडते, उंदीर सांगितला तर हसतील.  त्या पदर सावरून निघून गेल्या, आणि दोन हजार नऊ साली वारल्या तोवर पुन्हा शाळेत आल्या नाहीत.

साधनाबाई मात्र दर सतरा सप्टेंबरला झेंडा हातात देताना बजावायच्या, "गुरुजी, भोक उंदराचं हाय." मी हो हो म्हणायचो आणि माइकसमोर गेलो की गोळी झाडायचो. आत्या असेतो आत्याने गप्प बसायला सांगितलं म्हणून, आणि नंतर बोललेलं वाऱ्यावर जातं म्हणून, त्यांनी ते चालवून घेतलं.

पण मुक्तीच्या अमृतमहोत्सवाच्या वर्षी गोष्ट दगडावर आली.

किसनरावांनी ठरवलं की चावडीपुढे काळ्या दगडाची शिळा बसवायची आणि झेंडा काचेच्या पेटीत ठेवायचा. मोठे पाहुणे येणार होते. सभागृह मंजूर व्हायची आशा होती. आमच्या सरपंच खरं तर किसनरावांच्या पत्नी मंजुषाबाई, पण जागा बायकांसाठी राखीव झाल्यापासून त्या सही करतात आणि कारभार किसनराव करतात. शिळेवरचा मजकूर मला लिहायला सांगितला. मी लिहिला, "रझाकाराच्या गोळीने विंधलेला हा ध्वज वीर पुंजाजी यांनी प्राणांची पर्वा न करता फडकवला." छान दणदणीत वाक्य झालं म्हणून मी दोनदा मोठ्याने वाचूनही पाहिलं.

झेंडा मागायला आम्ही दोघं साधनाबाईंकडे गेलो. त्या ओट्यावर वाकळ पसरून बसल्या होत्या. मी मजकूर वाचून दाखवला. सुई थांबली नाही. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की यात आत्याचं नाव कुठं आहे.

किसनरावांनी त्याची तयारी करूनच पाऊल उचललं होतं. ते म्हणाले, नाव टाकू ना, खाली एक ओळ, "ध्वज शिवणाऱ्या पार्वतीबाई". चांगलं ठळक. फक्त कार्यक्रमात तुम्ही उठून सांगायचं, की सासूबाईंनी गोळीची हकीकत मला स्वतः सांगितली होती. घरातल्या माणसाने सांगितलं की पाहुण्यांना शंका राहत नाही.

मला वाटलं, बाई विरघळणार. ज्या सासूने हाताला धरून सगळं शिकवलं तिचं नाव दगडावर येतंय, आणि किंमत काय, तर सगळं गाव रोज बोलतं तेच एकदा बोलायचं. साधनाबाईंनी दोरा दाताने तोडला.

"किसनराव भाऊजी, आत्यानं बोटानं दाखवून सांगितलंय मला, कोणच्या कोपऱ्यात घास घातला ते. भोक बराबर त्याच कोपऱ्याला हाय. गोळीला काय म्हाईत, घास कुठं ठिवला?"

मला हसू आलं ते मी खोकल्यावर नेलं. किसनरावांना आलं नाही. ते म्हणाले, "वयनी, उंदरानं खाल्लेला झेंडा पाहाया कोन येईल?"

"नका येऊ."

किसनराव तापले. अंगणवाडीच्या लेकरांचे कपडे बाईंच्या बचत गटाकडे शिवायला येतात, ते पुढच्या साली दुसरीकडेही जाऊ शकतात, असं ते सहज बोलल्यासारखं बोलून गेले. मी तिथे होतो. मी काही बोललो नाही. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्या पाहण्यात व्हरांड्यातल्या पार्वतीबाई मला दिसल्या. मान वर करवेना.

मग त्या उठल्या, पेटी उघडली आणि झेंडा आणून किसनरावांच्या हातात दिला. म्हणाल्या, "झेंडा गावाचा हाय, घेऊन जा. कार्यक्रमात मी बोलते. पण खरं बोलते. आत्याचं नाव नसलं तरी चालंल, खोट्याच्या खाली तिचं नाव मला नको."

किसनरावांनी यातलं "बोलते" एवढंच ऐकलं असावं. बाईमाणूस, स्टेज पाहिलं की घाबरेल आणि शिकवलेलं बोलेल, असं त्यांनी मला वाटेत सांगितलं. मी तेव्हाही गप्पच. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

सतरा सप्टेंबरला चावडीपुढे मांडव होता. शिळा भगव्या कापडाने झाकलेली. झेंडा टेबलावर, काचेची पेटी शेजारी उघडी. पाहुणे आले, हार झाले. पहिल्या रांगेत सरपंचबाई मंजुषा, डोक्यावर पदर, हातात नारळ. मागे सगळं गाव, आणि एका बाजूला बायकांचा मोठा घोळका. किसनरावांनी माइकवरून साधनाबाईंना बोलावलं. ज्या थोर माउलीने झेंडा शिवला तिच्या सूनबाई आता गोळीचा प्रसंग सांगतील, असं त्यांनी जाहीरही करून टाकलं.

साधनाबाई आल्या. माइक तोंडासमोर धरायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी तो काठीसारखा खाली धरला. गरजही नव्हती.

"गोळी लागली न्हाई. ह्यो कोपरा उंदरानं खाल्ला."

मांडवात कुणीतरी हसलं. पाहुण्यांनी किसनरावांकडे पाहिलं. किसनराव माइक घ्यायला पुढे आले तसा बाईंनी हात मागे नेला आणि सांगत सुटल्या. त्या साली निजामाच्या सक्तीच्या लेव्हीत जवारी गेली होती, घरात चार माणसांत दोन भाकरी होत्या. आत्याच्या वाट्याला अर्धी आली, त्यातला तुकडा मोडून तिने झेंड्याच्या कोपऱ्यात घातला. का घातला म्हणून तिला मी विचारलं होतं, ती काय म्हणाली तेवढं ऐका.

"आत्या म्हणली, साधना, ह्याला लई दिवस राहायचं हाय. उपाशी निघाला तं कसा टिकंल?"

आता कुणी हसलं नाही. पण बाप्यांच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली. एक जण उठून म्हणाला, की झेंड्यात कुणी भाकरी घालतं का, हा तर झेंड्याचा अवमान आहे. दुसऱ्याने री ओढली. आता म्हातारपणी बाईचं डोकं फिरलं, असंही कुणी म्हणालं. किसनरावांना धीर आला. ते पाहुण्यांना सांगायला लागले, की अडाणी बाई आहे, मनावर घेऊ नका.

साधनाबाई त्यांच्याकडे वळल्याच नाहीत. त्या घोळक्याकडे वळल्या आणि बायकांना म्हणाल्या, की तुमच्यापैकी जिने घास न भरवता वाकळ मिटली असेल तिने हात वर करावा. मग मी खोटी, आणि आत्याही खोटी.

एकही हात वर झाला नाही. सत्तर-ऐंशी बायका, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या नुसत्या बघत राहिल्या. बाप्ये मागे वळून आपापल्या घरच्या बायकांकडे पाहायला लागले. जन्मभर ज्या वाकळी पांघरून झोपले त्यांच्या कोपऱ्यात भाकरी आहे, हे निम्म्यांना त्या दिवशी कळलं असावं.

आणि मग पहिल्या रांगेतल्या मंजुषाबाई उठल्या. नारळ खुर्चीवर ठेवला. सरपंच होऊन तीन वर्षं झाली होती, आणि सही सोडून त्यांचा आवाज गावाने ऐकला नव्हता. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी पांघरता ती बी मीच शिवली. घास घालूनच."

एवढ्यावर त्या बसतील असं वाटलं. त्या बसल्या नाहीत. शिळेवरचं कापड ओढायला पाहुणे दोरीला हात घालून उभे होते, त्यांना मंजुषाबाईंनी नमस्कार केला आणि सांगितलं, की साहेब, त्या दगडावर चुकीचं लिहिलंय, तो आज उघडायचा नाही. किसनरावांनी दबक्या आवाजात विचारलं, "काहून? कोनं ठरवलं?" त्या म्हणाल्या, "सरपंचानं."

मला वाटतं मी उठलो ते तेव्हा.  माइक घेतला आणि सांगून टाकलं, की गोळी मी झाडली होती, अठ्ठ्याऐंशी साली, आपल्या शाळेत. पार्वतीबाई मला सांगायला आल्या होत्या आणि मी हसलो होतो. एवढं सांगून खाली बसलो. टाळ्या पडल्या नाहीत. पडू नयेतच असं मला वाटत होतं.

याची फळं लगेच मिळाली. पाहुणे जेवायला थांबले नाहीत. सभागृह आलं नाही, ते पलीकडच्या गावाला गेलं. अंगणवाडीचे कपडे एक साल खरोखरच दुसरीकडे गेले, पुढच्या साली मंजुषाबाईंनी परत आणले. किसनराव माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. हळदीच्या बाजारात गाठ पडली की ते पोत्यांकडे बघायचे आणि मी वजनकाट्याकडे. साधनाबाईंना काही जण "उंदीरबाई" म्हणायला लागले. त्यांनी ते नाव ऐकलं आणि म्हणाल्या, गोळीबाईपेक्षा बरं.

दगड तीन महिने झाकलेला होता. टाकायला जीव होईना, घडाई तर झालेली. शेवटी मंजुषाबाईंनी तो उलटा करून बसवायला लावला आणि मागच्या बाजूला नवा मजकूर कोरायचं ठरलं. लिहायला पुन्हा मलाच सांगितलं. मी चार वेळा लिहून खोडलं. दरवेळी कुठून तरी एखादा प्राण आणि एखादी पर्वा आत शिरायची. पाचव्या वेळी साधनाबाईंकडे गेलो आणि म्हणालो, तुम्हीच सांगा. त्या सांगत गेल्या, मी उतरवून घेतलं.

आज चावडीपुढे कुणीही वाचू शकतं. "हा झेंडा पार्वतीबाईंनी शिवला. पुंजाजींनी चढवला. कोपरा उंदराने खाल्ला, कारण त्यात भाकरी होती." शाळेतली लेकरं वाचतात आणि हसतात. मग भाकरी का होती म्हणून विचारतात, आणि तेव्हा त्यांना सगळं सांगावं लागतं. गोळीबद्दल पस्तीस वर्षांत एकाही लेकराने मला काही विचारलं नव्हतं.

झेंडा काचेच्या पेटीत ठेवायच्या दिवशी आम्ही पाच-सहा जणच होतो. सकाळची वेळ. लोकांना बोलावलं नव्हतं, तरी किसनराव आपणहून येऊन खांबाला टेकून उभे होते. सुतार झाकणाचे स्क्रू हातात घेऊन थांबला होता. साधनाबाईंनी झेंडा नीट अंथरला, सुरकुती हाताने सारखी केली, आणि कमरेची पिशवी सोडून आतून जवारीच्या भाकरीचा बोटभर तुकडा काढला. तो त्या खाल्लेल्या कोपऱ्यापाशी ठेवला.

माझ्यातला मास्तर अजून पुरता मेला नव्हता. मी म्हणालो, "बाई, पुन्हा उंदीर लागंल."

"लागू द्या," त्या म्हणाल्या. "पंच्याहत्तर वर्सं झाली झेंड्याला जेवून."

सुताराने किसनरावांकडे पाहिलं.  त्यांनी होय म्हणून मान हलवली, आणि सुताराने झाकण लावलं.